चौगुले मॅडम आणि सतरा पत्रं

चौगुले मॅडम आमच्या शाळेत रुजू झाल्या त्याच आठवड्यात त्यांनी ऑफिसातली कचऱ्याची टोपली उचलून नववी ब च्या वर्गात नेली. मी समोरच्या वर्गात गणित घेत होते. दारातून पाहिलं तर टेबलावर टोपली उपडी केलेली आणि चाळीस पोरं त्या चुरगाळलेल्या कागदांवर वाकलेली. मला वाटलं, बाईंचं काहीतरी हरवलंय.

हरवलं काही नव्हतं. काल आपल्या ऑफिसात काय काय घडलं ते या कागदांवरून सांगायचं, हा त्या तासाचा पाठ होता. इतिहासाचं पुस्तक बंद. अर्ध्या तासात पोरांनी शोधून काढलं, की हेडमास्तर शिंदे सरांनी स्नेहसंमेलनाच्या निमंत्रणाचा मसुदा तीनदा लिहिला, तिन्ही वेळा पाहुण्यांचं नाव वेगळं, आणि दर वेळी पाहुणा आधीच्यापेक्षा जरा कमी मानाचा. म्हणजे पहिले दोघे नाही म्हणाले. मधल्या सुट्टीपर्यंत ही बातमी शाळाभर झाली. शिंदे सर स्टाफरूममध्ये आले ते लालबुंद होऊन.

"मॅडम, हे काय चालवलंय तुम्ही?"

"इतिहास शिकवतेय, सर."

"कचऱ्यातून?"

"जुनं जे सापडतं ते बहुतेक कुणीतरी टाकून दिलेलंच असतं की हो," मॅडम म्हणाल्या. "पोरांनी बरोबर वाचलं का नाही, तेवढं सांगा."

सर निघून गेले. त्या दिवसापासून आमच्या ऑफिसात कागद बारीक फाडून टाकायची पद्धत पडली.

आमचं गाव कराडपासून पाऊण तासावर, कृष्णेच्या काठाला. चहूकडं ऊस, आणि घरटी एक माणूस फौजेत किंवा फौजेतून परतलेला. मॅडम सांगलीकडच्या, जैन शेतकरी घरातल्या. मिस्टर तिकडं शेती बघायचे. मॅडम कराडात एक खोली घेऊन राहायच्या आणि आमच्याबरोबर सकाळच्या एसटीनं यायच्या. बुटक्या, चालणं भरभर, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत एक भिंग, कागद पुसायला मलमलचा तुकडा, आणि संध्याकाळचा डबा. दिवस मावळायच्या आत जेवायचा नेम असल्यामुळं संमेलनाच्या दिवशी सगळी धावपळ चाललेली असताना या स्टेजमागच्या पायरीवर बसून निवांत भाकरी खायच्या. त्या वेळी कुणी काही विचारलं तर एक बोट वर करायच्या, म्हणजे घास संपेपर्यंत थांबा.

शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या कुणालाच आवडत नसत. कुणी इतिहासातला काही अभिमानाचा मजकूर टाकला, की खाली लगेच मॅडमचं उत्तर: "मूळ कागद कुठाय?" एकदा पीटीच्या सरांनी चिडून लिहिलं, "मॅडम, तुम्हाला आपल्या इतिहासाचा अभिमान नाही का?" मॅडमनी उत्तर दिलं, "आहे ओ. म्हणूनच विचारतेय." ग्रुप दोन दिवस गप्प होता.

वर्गात फळ्याच्या डाव्या कडेला त्यांचे चार प्रश्न कायम लिहिलेले असत. कुणी लिहिलं? कुणासाठी लिहिलं? कधी लिहिलं? आणि काय लिहिलं नाही? चौथ्याच्या खाली दोन रेघा. मी फळा पुसताना तेवढी कडा सोडून पुसायची.

महापुरावरचा त्यांचा तास मी मुद्दाम मागच्या बाकावर बसून ऐकला होता. वर्तमानपत्राचं कात्रण, एक फोटो आणि चार मुलांनी आपापल्या घरून लिहून आणलेल्या हकिकती, असं सगळं फळ्यावर चिकटवलेलं. एकाच्या वडिलांनी लिहिलं होतं, नाव पहिल्यांदा आमच्या गल्लीत आली. एका मुलीच्या आईनं लिहिलं होतं, त्या गल्लीत नाव आलीच नाही, लोकांना दोरानं काढलं. दोघं पोरं हमरीतुमरीवर आली. "म्हंजे माझा बाप खोटं बोलतोय व्हय?" म्हणून एक उठूनच उभा राहिला.

मॅडमनी त्याला खाली बसवलं नाही. विचारलं, "तुझे वडील त्या दिवशी कुठं उभे होते?"

"माळवदावर."

"आणि हिची आई?"

"पार वरच्या अंगाला, शाळेत."

"मग दोघांनी दोन ठिकाणांहून पाहिलं. खोटं कोण बोललं ते नंतर बघू. आधी कोण कुठं उभं होतं ते लिहा."

मी वीस वर्षं गणित शिकवतेय. माझ्या तासाला अशी शांतता मी कधी पाहिली नाही.

असं सगळं छान चाललेलं असताना तो दिवस आला. 

फौजी गावाचा इतिहास फौजींच्या पत्रांतून लिहायचा, असं मॅडमनी नववीला सांगितलं होतं. पोरांनी घरोघरच्या ट्रंका उघडल्या. पिवळी पडलेली आंतर्देशीय पत्रं येऊ लागली. ऋतुजा नावाची एक मुलगी होती, हुशार, वाचन स्वच्छ. तिनं आजीची सतरा पत्रं आणली. तिचे आजोबा हवालदार होऊन निवृत्त झाले होते आणि चारच वर्षांपूर्वी गेले होते. आजीला गाव हिराआक्का म्हणायचं. आक्काला लिहायवाचायला येत नव्हतं. पण पत्रं तिच्या नावाची म्हणून तिनं ती पंचेचाळीस वर्षं लुगड्यांच्या तळाशी जपलेली. ऋतुजाचे वडील पुण्याला कारखान्यात. आईच्या ट्रंकेला त्यांनी कधी हात लावला नव्हता.

मॅडमना सुचलं, की आक्कालाच वर्गात बोलवावं आणि तिच्यासमोर पत्रं वाचावीत. पोरांना जिवंत माणूस दिसेल. मॅडमचा एक शिरस्ता होता: वर्गात येणारा प्रत्येक कागद त्या आधी स्वतः वाचायच्या. पण त्या आठवड्यात सहामाहीचे पेपर तपासायचे होते, घरी सासूबाई आजारी होत्या. ऋतुजा म्हणाली, "मॅडम, आजी म्हणती, सगळ्या पत्रात तब्येत बरी हाय आन् बैलाला जपा, एवढंच असतंय. आजीला तर पाठ हायत." मॅडम हसून म्हणाल्या, "बरं, चालेल." एवढंच झालं.

माझा तास ऑफ होता. मी वह्यांचा गठ्ठा घेऊन मागच्या बाकावर बसले.

आक्काला खुर्ची दिली, हातात गुलाबाचं फूल दिलं. ती खुर्चीच्या अगदी कडेवर बसली, फूल मुठीत गच्च धरून. ऋतुजानं पहिलं पत्र उघडलं. "सौ. हिराबाई हीस आशीर्वाद. पत्रास कारण की, मी इकडे खुशाल आहे. तुम्ही सर्व खुशाल असाल."

"आईच्या गुडघ्याला तेल लावत जाणे," आक्का मध्येच म्हणाली, आणि ऋतुजानं तेच पुढं वाचलं. वर्ग हसला. आक्काला रंग चढला. "जोंधळा किती झाला ते कळविणे." बरोबर. "तांबड्या बैलास जपणे." बरोबर. पोरं टाळ्या वाजवायला लागली. आक्काचा चेहरा नव्या नवरीसारखा फुललेला. "बापूस अभ्यास कर म्हणून सांगणे. कळावे," असं म्हणून तिनं हात जोडले. पत्र संपलं होतं.

ऋतुजा मात्र कागदाकडं बघत उभी.

"आगं, संपलं की ते," आक्का म्हणाली.

"न्हाई आजी. अजून हाय." आणि तिनं वाचलं. "मला इथे जबलपूरला क्वार्टर मिळाले आहे. दोन खोल्या आहेत. फॅमिली आणण्यास साहेबांनी परवानगी दिली आहे. तू बापूस सोबत घेऊन ये. मी स्टेशनवर येतो. दारास पडदा हिरवा घेतला आहे, तुला हिरवा आवडतो म्हणून."

वर्गात कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. कारण आक्का हसत नव्हती.

"परत वाच."

ऋतुजानं परत वाचलं.

"परत."

तिसऱ्यांदा वाचताना ऋतुजा अडखळायला लागली. मॅडम पुढं झाल्या. "ऋतुजा, थांब. बाकीची आपण..."

"थांबू नगंस," आक्का म्हणाली. तो आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. "दुसरं वाच."

दुसऱ्या पत्रात तेलाचा आणि बैलाचा मजकूर आला, तो आक्कानं म्हटला नाही. मग आलं, "बापूचे पत्र पोचले. तू येणार नाहीस, आईस सोडून यायला तुझे मन होत नाही, असे त्याने तुझ्या सांगण्यावरून लिहिले आहे. तुझे बरोबर आहे. पण एक वर्षापुरती तरी ये. मी वाट पाहतो."

समोरचं पत्र नसलं तरी उत्तरावरून ते कळतं, हे मॅडमनीच पोरांना शिकवलं होतं. पोरं चांगली शिकली होती. मधल्या रांगेतून एक मुलगी नकळत मोठ्यानं बोलून गेली, "म्हंजे बापूंनी..." आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

बापू म्हणजे आक्काचा धाकटा दीर. त्या काळी घरात शिकलेला तो एकटाच. आलेली पत्रं तोच वाचून दाखवायचा, आक्काची उत्तरं तोच लिहायचा. आणि आता बापूसाहेब म्हणजे आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष. वर्गाच्या दारावर, "ही खोली यांच्या प्रयत्नाने" अशी त्यांच्या नावाची पाटी होती. चाळीस पोरांची तोंडं त्या पाटीकडं वळली.

आक्का उठली. कुणाकडंच न बघता म्हणाली, "मला वाटत हुतं, त्यानं तिकडं दुसरी केली आसंल. गावातल्या दोघी-तिघी नवऱ्यासंगं गेल्या. मला कवा बोलावलं न्हाई. रिटायर हून आला, तिथनं पुढं तीस वर्सं म्या त्या माणसाला ताट वाढलं, आन् मान वर करून बगितलं न्हाई." मग जरा थांबून, लहान पोरीनं विचारावं तसं तिनं मॅडमना विचारलं, "माज्यासाटी पडदा घेतला हुता व्हय?"

 आक्का चालत बाहेर गेली. ऋतुजा मागं धावली. चपला दारातच राहिल्या.

मी मॅडमकडं पाहिलं. त्या टेबलाला धरून उभ्या होत्या. तास संपल्याची घंटा झाली तरी वर्गातलं कुणी उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी बापूसाहेब शाळेत आले. पासष्टीचा माणूस, पांढरी टोपी, पांढरा शर्ट. हेडमास्तरांच्या खोलीत मॅडमबरोबर मलाही बोलावलं, साक्षीदार म्हणून. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते आवाज खाली ठेवूनच बोलले. त्याचीच जास्त भीती वाटली.

"मॅडम, ही असली शिकवण आमच्या पोरास्नी नगं. घरातली गोष्ट चवाट्यावर आणली तुमी. ती पत्रं हिकडं द्या."

पत्रं मॅडमच्या पिशवीत होती. त्या म्हणाल्या, "चूक माझी आहे, साहेब. मी आधी वाचायला हवी होती. पण पत्रं तुम्हाला देता येणार नाहीत. ती ज्यांच्या नावानं आली त्यांनाच मी देणार."

"मी घरातला कर्ता हाय."

"पत्त्यावर तुमचं नाव नाही."

शिंदे सरांनी डोळे मिटून घेतले. बापूसाहेब उठले. त्याच आठवड्यात त्यांनी संस्थेकडं मॅडमच्या बदलीचा अर्ज केला.

पण मला खरा धक्का बसला तो वर्गातल्या मॅडम बघून. त्यांनी पुस्तक उघडलं. धडा वाचायचा, प्रश्नांची उत्तरं सांगायची, पोरांनी उतरवून घ्यायची. फळ्याची डावी कडा त्यांनी स्वतःच्या हातानं पुसली. एका मुलानं घरून जुना फोटो आणला, तर न बघता म्हणाल्या, "पिशवीत ठेव." स्टाफरूममध्ये त्या खिडकीशी बसून राहायच्या. मी एकदा म्हटलं, "अहो, तुम्ही काय केलंय? ज्यानं केलं त्यानं केलं."

"मी काय केलं?" त्यांनी माझ्याकडं वळून पाहिलं. "अहो, नवऱ्यानं बोलावलं होतं हे त्या बाईला पंचेचाळीस वर्षांनी कळलं, आणि ते चाळीस पोरांच्या समोर कळलं. हातात मी दिलेलं फूल धरून. वाचायचंच होतं तर दार लावून, शेजारी बसून वाचायला हवं होतं. मी तिला पोरांना दाखवायला आणली होती, मॅडम."



पत्रं परत द्यायला जायचं धैर्य गोळा करायला त्यांना आठ दिवस लागले. मला म्हणाल्या, "चला माझ्याबरोबर." शाळा सुटल्यावर आम्ही गेलो. आक्का ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. सून चटई घेऊन आली. मॅडमनी मलमलच्या तुकड्यात गुंडाळलेला गठ्ठा आक्काच्या पुढं ठेवला आणि तिच्या पायाला हात लावला. आक्कानं पाय मागं घेतले नाहीत, आशीर्वादही दिला नाही.

मॅडम म्हणाल्या, "आक्का, तुमची इच्छा असेल तर मी सगळी वाचून दाखवते. इथं बसून, फक्त तुम्हाला. रोज थोडी थोडी."

आक्का शेंगा फोडत राहिली. मग म्हणाली, "तुमी नगा वाचू." आणि आत बघून हाक मारली, "ऋतुजा! जा, बापूला बलीव. म्हणावं चष्मा घिऊन ये."

आम्ही दोघी उठायला लागलो. "बसा," आक्का म्हणाली. "तुमी उघडं केलंय न्हवं? मग बसा."

बापूसाहेबांचं घर भिंतीला भिंत लागून. ते आले, आम्हाला पाहून उंबऱ्याशीच थबकले. आक्कानं गठ्ठा त्यांच्याकडं सरकवला. "बस. तवा वाचायची हुतीस तशी वाच. सगळी."

"वयनी, आता ह्या वयात..."

"वाच."

शाळा समितीचा अध्यक्ष, ज्याच्यासमोर आमचे हेडमास्तर उभे राहायचे, तो माणूस ओट्यावर मांडी घालून बसला. चष्मा लावला. वाचायला लागला. "सौ. हिराबाई हीस आशीर्वाद..." गुडघ्याचं तेल झालं, बैल झाला. क्वार्टर आलं, दोन खोल्या आल्या. "तू बापूस सोबत घेऊन ये. मी स्टेशनवर येतो. कळावे."

ऋतुजा खांबाला टेकून उभी होती. ती हळू म्हणाली, "बापूआजोबा, एक ओळ राह्यली."

 बापूसाहेबांनी मुद्दाम केलं असेल असं मला आजही वाटत नाही. जिभेनंच ती ओळ ओलांडली असावी. पण ते कागदाकडं बघत राहिले, चष्म्याआडून. मॅडमनी चटईची कड मुठीत धरलेली मी पाहिली.

"दारास पडदा," ते म्हणाले आणि थांबले. "दारास पडदा हिरवा घेतला आहे. तुला... तुला हिरवा आवडतो म्हणून."

 मग बापूसाहेब कागद खाली ठेवून आपणच सांगायला लागले. "आई आंथरुणाला खिळली हुती. म्हणली, ही गेली तर मला उठवून कोण बसवणार? म्हणली, ते क्वार्टरचं वाचू नगंस. मी अठरा वर्साचा हुतो, वयनी. एकदा वाचलं न्हाई. मग दुसरं आलं. दुसरं वाचावं तर पहिलं उघडं पडतंय. मग तिसरं आलं."

आक्का म्हणाली, "आई मेली त्याला किती वर्सं झाली?"

त्यांनी मान खाली घातली.

"तुजा दादा मेला तवा तरी सांगायचंस. त्याच्या तोंडात पाणी घालताना म्या मनातनं त्याला शिव्या दिल्या, बापू."

एवढा मोठा माणूस तोंडावर टोपी धरून रडला. आक्का रडली नाही. सुनेला म्हणाली, "त्याला च्या दे." आणि त्यांना म्हणाली, "उद्या दुसरं. ह्याच टायमाला ये."

सतरा दिवस बापूसाहेब त्या ओट्यावर आले. रोज एक पत्र. आक्कानं मॅडमना रोज बसवून घेतलं. मी अधूनमधून जायची. तिसऱ्या पत्रात "हे शेवटचे विचारतो" असं होतं. चौथ्यापासून हिरव्या पडद्याचा विषय संपला होता. दहाव्यापासून पत्रावर नाव आक्काचं, पण आत तिला उद्देशून एक शब्द नव्हता. "घरात सर्वांस नमस्कार" एवढंच. ती पत्रं ऐकताना आक्का तोंड भिंतीकडं करून बसायची. शेवटचे काही दिवस बापूसाहेब बोलावणं यायच्या आधीच येऊन बसायचे. मला वाटायला लागलं होतं की आता मिटलं.

सतरावं पत्र वाचून झालं तेव्हा मी तिथं होते. आक्कानं गठ्ठा बांधला, मांडीवर घेतला. बापूसाहेब तिच्याकडं बघत होते. ती म्हणाली, "झालं. आता तुजं माजं काय राह्यलं न्हाई. जा."

ते गेले.

परतताना रस्त्यात मी मॅडमना विचारलं, "म्हणजे माफ केलं, की तोडलं?"

मॅडम म्हणाल्या, "मला कळलं नाही ओ. आणि विचारायचा मला हक्क नाही."

त्यानंतर पंधरा दिवसांत बदलीचा हुकूम आला. संस्थेच्या शाळा आमच्या आणि सांगली अशा दोन्ही जिल्ह्यांत. मॅडमना टाकलं होतं जत तालुक्यात, कर्नाटकाच्या सीमेवरच्या एका वस्तीच्या शाळेत. बापूसाहेब स्वतः शाळेत आले. या वेळी ते उभेच होते. "मॅडम, म्या अर्ज मागं घितो. तुमी जाऊ नगा. मी रागानं लिवला हुता."

मॅडमनी शिंदे सरांकडून त्या अर्जाची प्रत मागून घेतली. भिंग काढलं नाही, पण वाचला मात्र तसाच, एकेक ओळ. "यात पुष्कळ रागाचं आहे," त्या म्हणाल्या, "पण हे एक वाक्य खरं आहे. 'बाईंनी संबंधितांची समज व संमती न घेता खासगी पत्रे वर्गात वाचविली.' हे खरं आहे, साहेब. तुम्ही अर्ज मागं घेतला तर हेही मागं जाईल."

"म्हंजे तुमी जाणार?"

"हो."

 शिंदे सर तर म्हणाले, "मॅडम, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? जतला!" स्टाफमधल्या निम्म्या लोकांना तो त्यांचा ताठा वाटला. मलाही राग आला होता, खोटं कशाला सांगू. सासूबाई आजारी, नवरा सांगलीला, आणि ही बाई हातात आलेली सुटका परत करतेय. निरोपसमारंभाला त्यांनी नको म्हटलं. शेवटच्या तासाला नववी ब ला काय सांगितलं ते मला ऋतुजानं नंतर सांगितलं. त्या म्हणाल्या होत्या, "मी तुम्हाला कागद कसा वाचायचा ते शिकवलं. कागद कुणाचा आहे ते आधी बघायचं, हे शिकवायचं राहिलं. ते माझ्याकडून चुकलं. लिहून घ्या."

पोरांनी खरंच लिहून घेतलं.

त्यानंतर दोन वर्षांनी माझ्या मावसबहिणीच्या मुलीचं लग्न जतला होतं. लग्न उरकून मी आणि हे दुसऱ्या दिवशी मॅडमच्या शाळेकडं गेलो. चोहीकडं माळ, मध्येच ज्वारीची पट्टी, रस्त्याला टँकर. शाळेच्या शिपायानं सांगितलं, मॅडम दोन पोरींना घेऊन पलीकडच्या धनगरवाड्यावर गेल्यात. आम्ही गाडी तिकडं नेली.

लांबूनच दिसल्या. केस बरेच पिकलेले. एका म्हाताऱ्या मेंढपाळाच्या समोर त्या झोपडीच्या दारात घोंगडीवर बसल्या होत्या. हातात एक लांबलचक, घड्यांवर फाटत आलेला कागद. दोन्ही पोरींना त्यांनी बाभळीपाशी, ऐकू जाणार नाही इतक्या लांब उभं केलं होतं. मॅडम अगदी हळू आवाजात (निम्मं मराठीत, निम्मं मोडक्या कानडीत, असं त्या नंतर म्हणाल्या) त्या म्हाताऱ्याला एकट्याला कागद वाचून दाखवत होत्या. तो खाली मान घालून ऐकत होता. एका जागी त्यानं हात वर केला, त्या थांबल्या. त्यानं मान हलवली; त्या पुढं वाचायला लागल्या. मी गाडीतून उतरले, पण हाक मारली नाही.

वाचून झालं. मॅडमनी काहीतरी विचारलं आणि लांबच्या पोरींकडं, शाळेच्या दिशेनं बोट केलं. म्हाताऱ्यानं मेंढरांकडं पाहिलं. मग दोन्ही हात हलवून म्हणाला, "ब्याड." कानडी येत नसली तरी नको म्हणतोय, हे मला तिथूनही कळलं.

पोरींनाही कळलं. थोरली रडवेली होऊन ओरडली, "मॅडम, आवं लय जुना कागद हाय! एकडाव तरी फोटो काढू द्या की!"

मॅडमनी तिच्याकडं न बघता मान हलवली. कागद होता त्याच घड्यांवर दुमडला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, पिशवीला दोरी बांधली आणि दोन्ही हातांनी म्हाताऱ्यापुढं धरली. त्यानं ती घेतली, कनवटीला खोचली. मग आत कुणाला तरी हाक मारून त्यानं चहा सांगितला, आणि मॅडम पाय जरा लांब करून तिथंच बसून राहिल्या.